ठळक अक्षरांतले वाहिद सर

अब्बांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. चढवायची वेळ आली की ते ब्रेक दाबत. शिकाऊ गाडीत शेजारी बसणाऱ्या माणसाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो त्यांचा. पुढे ड्रायव्हिंग स्कूलची वेबसाइट झाली. तिथे पायाशी काही नव्हतं, म्हणून ते अक्षरं ठळक करू लागले.

तळेगाव दाभाड्यात स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत 'नूर मोटर ड्रायव्हिंग स्कूल'. नूर म्हणजे मी. स्कूलला माझं नाव आहे आणि मला गाडी येत नाही. अब्बांनी मला तीन वेळा शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बेटा, तू वाच." मी वाचते. पुण्यातल्या एका प्रकाशकाची पुस्तकं छापायला जाण्याआधी माझ्याकडे तपासायला येतात, आणि या कामात एक गोष्ट अंगात मुरली आहे: वाक्य नीट बांधलेलं असेल तर ते ठळक करावं लागत नाही. हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, की रस्ता नीट बांधलेला असेल तर त्यावर पाट्या लावत नाहीत का.

वेबसाइट म्हणजे एकच लांबलचक पान होतं. संध्याकाळचे क्लास संपले की अब्बा एका बोटानं टाइप करत आणि महत्त्वाचं वाटेल ते ठळक करत. 'समोरचा थांबेल असं धरून चालू नका' ठळक. 'घाबरू नका' तर जिथे येईल तिथे ठळक. 'क्लच हळू सोडा, सासूबाई कपाटाची चावी सोडतात तितका हळू' हेही. बायकांसाठी एक वेगळा परिच्छेद होता, त्यात 'शिकताना नवऱ्याला मागच्या सीटवर बसवू नका, घरी बसवा'. आणि त्याच्याखाली, 'रडू आलं तर गाडी बाजूला घ्या, रडायची वेळ क्लासच्या वेळेत धरत नाही'. पान उघडलं की डोळ्यांपुढे काळी ढेकळं दिसत. अब्बांचं म्हणणं असं, की लोक वेबसाइट वाचत नाहीत, नुसते तिच्यावरून जातात. जाता जाता दिसेल तेवढंच त्यांच्या पदरात पडतं. बाकीचं साधं लिहिलेलं नाही वाचलं तरी चालेल.

सगळ्यात वर, सगळ्यात मोठं आणि ठळक वाक्य होतं: 'वाहिद सर स्वतः शेजारी बसतात.'

पावसाळा सरता सरता अब्बा गेले. दिवसाचे सगळे क्लास घेऊन, जेवून, झोपेत.

स्कूलचा फोन अम्मी उचलायची. कुणी विचारलं, "सर आहेत का?" की तिचं उत्तर ठरलेलं असे: "सर गाडीवर आहेत, संध्याकाळी करा." वर्षानुवर्षं हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं. अब्बा गेल्यावर पहिला फोन वाजला तेव्हा तिनं तो उचलला आणि तेच वाक्य म्हटलं. खोलीत आम्ही सगळे होतो. कुणी काही बोललं नाही. तिनं फोन खाली ठेवला आणि पदर सारखा केला. दुसऱ्या फोनला माझ्या धाकट्या भावानं, फरदीननं, तेच सांगितलं. मग ते आमच्या घरी चालूच झालं. अडचण एवढीच होती, की लोक खरोखर संध्याकाळी फोन करत.

फरदीन अब्बांच्या हाताखाली बरीच वर्षं शिकवत आला आहे, परवाना आहे त्याच्याकडे. अब्बांच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत त्यानं जुने विद्यार्थी पूर्ण करून दिले. नवीन कुणी आलं नाही. गाडी दारात उभी राहू लागली. तिच्यावर शेजारची मांजर झोपायला येऊ लागली तेव्हा फरदीन मला म्हणाला, की असंच चाललं तर स्कूल बंद करून कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागावं लागेल. चाकण रोडला नवीन ड्रायव्हिंग स्कूल निघालं होतं, एसी गाडी, खोलीत बसून चालवायचं यंत्र. गुगलवर तळेगाव टाकलं की तेच पहिलं येतं आणि आपण दुसऱ्या पानावर, जिथे कुणी जात नाही. वेबसाइट सुधारली पाहिजे आणि घरात लिहिणारी तू आहेस, असं त्याचं म्हणणं पडलं.

म्हणून निलेश आला. तो सुदुंबऱ्याचा. लोकांच्या वेबसाइट गुगलवर वर आणून देणं हा त्याचा धंदा आहे. गाडी अब्बांकडेच शिकला, टेस्टला दोनदा नापास झाला आणि दोन्ही वेळा अब्बांनी त्याला परत फुकट शिकवलं, त्यामुळे आमच्याकडे तो पैशाचं नाव काढायचा नाही. लॅपटॉप उघडून त्यानं पान वरपासून खालपर्यंत सरकवलं आणि परत वर नेलं.

"ताई, लिवलंय लय भारी," तो म्हणाला. "पण बोल्ड लय झालंय."

मग त्यानं नीट समजावून सांगितलं. ठळक अक्षरांचं काम वाचणाऱ्याची नजर थांबवायचं. परिच्छेदात एक शब्दसमूह ठळक असला की नजर तिथे थांबते, दहा असले की कुठेच थांबत नाही. गुगलही ठळक शब्दांकडे थोडं जास्त लक्ष देतं म्हणतात, म्हणजे या पानाचा विषय हा असावा असं धरतं. आता आपलं पान बघून गुगलला वाटत असणार, की हे दुकान 'घाबरू नका' विकतं. मी जे अब्बांना सांगत आले ते हा मुलगा दुसऱ्या बाजूनं येऊन सांगत होता. माझा त्याच्याविषयीचा आदर वाढला, आणि त्याच क्षणी मला तो आवडेनासाही झाला.

लोक काय शोधून आपल्या पानावर येतात हे त्यानं दाखवलं. सगळ्यात वर 'वाहिद सर ड्रायव्हिंग'. खाली 'वाहिद सर तळेगाव'. त्याखाली 'वाहिद सर फोन नंबर'. आणि मग, का कोण जाणे, 'नवऱ्याला घरी बसवा'.

मी म्हटलं, वरचं वाक्य आधी काढावं लागेल.

 अम्मी आतून चहा घेऊन येत होती, ती दारात थांबली. निलेशनं लॅपटॉपकडे बघत सांगितलं, की त्याला हात लावू नका, सगळं पान त्याच्यावरच उभं आहे.

"राहू दे, आपा," फरदीन म्हणाला.

"खोटं आहे ते."

"खोटं नाही. जुनं आहे."

मी दिवसभर लोकांची वाक्यं दुरुस्त करते. या वाक्यात दुरुस्त करायला काही नव्हतं. पानावरचं वाक्य राहिलं.

निलेशनं चार दिवसांत नवं पान करून आणलं. स्वच्छ, मोकळं, मध्ये जागा सोडलेल्या. अब्बांची बरीचशी वाक्यं होती, पण साध्या अक्षरांत, आणि काही गेली होती. अम्मीला वाचता येतं पण स्क्रीनवर डोळे दुखतात, म्हणून तिनं मला वाचायला सांगितलं. अब्बा तिला वाचून दाखवायचे तसं, फक्त ठळक तेवढं.

मी वाचलं. "तळेगाव कार ड्रायव्हिंग क्लास. मावळातील विश्वासू ड्रायव्हिंग स्कूल. महिलांसाठी कार ड्रायव्हिंग तळेगाव. वडगाव, कामशेत, लोणावळा कार ड्रायव्हिंग. वाहिद सर स्वतः शेजारी बसतात."

 अम्मीनं विचारलं, की हा कोण माणूस आहे, गावांची नावं ओरडत चाललाय, आणि तुझे अब्बा त्याच्या शेजारी का बसलेत.

निलेशला हसू आलं, पण तो ठाम होता. हे शब्द लोक शोधतात, म्हणून हेच ठळक. पान चढवलं गेलं.

आणि ते वर आलं, हे मान्य केलं पाहिजे. महिनाभरात आम्ही पहिल्या पानावर होतो, एसी गाडीच्या खाली दोन नंबर सोडून. फोन वाढले. त्यातले निम्मे जुन्या विद्यार्थ्यांचे, तक्रारीचे. लोणावळ्यात बंगले भाड्यानं देणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांच्या नव्या ड्रायव्हरला वाचायला हे पान पाठवलं होतं, तर त्यातून मतलबाचं सगळं गायब. तिकोणा पेठेहून रखमाजींचा फोन आला. ते पिकअपमधून भाजी नेतात, अब्बांचे फार जुने विद्यार्थी. त्यांचा आवाज फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येतो.

"मावशी, सरांचं पान कुणी ढापलं का काय? त्यात घाबरू नका व्हतं, ते कुटं गेलं?"

अम्मी म्हणाली, आहे, साध्या अक्षरांत आहे.

"साध्या अक्षरात घाबरू नका म्हणल्यावर माणूस घाबरनारच की. सरांना द्या जरा."

"सर गाडीवर आहेत," अम्मी म्हणाली.

बाकीचे निम्मे फोन नव्या लोकांचे होते, आणि प्रत्येकाला वाहिद सर हवे होते. संध्याकाळी करा, उद्या करा, परवा करा. काही जण कंटाळून चाकण रोडला गेले असतील. एक बाई कंटाळल्या नाहीत. त्यांचं नाव वासंती. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, स्टेशनपलीकडच्या सोसायटीत राहणाऱ्या. आठवड्यातून दोनदा फोन करून त्या सरांची वेळ मागत आणि फरदीन त्यांना पुढची तारीख देई. एके सकाळी त्या फोन न करता आल्या. पायात बूट, खांद्याला पर्स, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत शिकाऊ लायसन्स.

"सर आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"सर गाडीवर आहेत," फरदीन म्हणाला.

वासंतीबाईंनी मागे वळून बघितलं. आमची एकुलती एक गाडी त्यांच्या पाठीशी दारात उभी होती, छतावर 'नूर मोटर ड्रायव्हिंग स्कूल'ची पिवळी पाटी आणि पाटीच्या सावलीत मांजर.

"कुठल्या?" त्या म्हणाल्या.

फरदीननं माझ्याकडे पाहिलं. अम्मी आत गेली. मी पुस्तकाच्या प्रुफांतून उठले आणि सांगितलं, की अब्बा वारले, साडेतीन महिने झाले. हे वाक्य मी तोवर कुणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं, कारण ज्यांना सांगायचं ते सगळे मयताला आलेले होते. ते मला वाटलं त्यापेक्षा बरंच लहान निघालं.

वासंतीबाई खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर घेतली. वाईट झालं, म्हणाल्या. मग जरा वेळानं, "मला कळायला मार्ग नव्हता गं. गुगलवर तर ते आजही बसतायत."

फरदीन जमिनीकडे बघत होता. तो त्यांना म्हणाला, की मावशी, चाकण रोडला चांगलं स्कूल आहे, गाडी नवीन आहे, एसी आहे, मी नंबर देतो. त्यानं खरोखरच खिशातून फोन काढून नंबर शोधायला घेतला. मी त्याच्याकडे बघत राहिले. हाच माणूस स्कूल वाचवायला वेबसाइट सुधारा म्हणून माझ्या मागे लागला होता. तेव्हा मला समजलं, की वरचं ते वाक्य तो गिऱ्हाइकांसाठी राखत नव्हता. ते काढलं की त्या जागी कुणाचं नाव घालायचं हा प्रश्न येणार होता, आणि त्या नावासाठी कुणी येणार नाही अशी त्याची खात्री होती.

"फरदीन बसेल शेजारी," मी म्हटलं.

"त्यांना अब्बा हवेत, आपा."

"असं मी कधी म्हटलं?" वासंतीबाईंनी विचारलं. "लोणावळ्याला माझी बहीण आहे. राजेश्वरी. तिच्याकडे जायचं म्हणजे यांच्या मर्जीनं, आणि यांची मर्जी रविवारी लागते, रविवारी लोणावळ्याला सगळी मुंबई. मला मधल्या वारी एकटीनं जायचंय. सर मला माहीतसुद्धा नव्हते. तुम्हीच एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलंय, म्हणून मला वाटलं, दुसरं कुणी बसत असेल तर ते बरं नसावं."

 मग फरदीननं किल्ली घेतली.

मी मागच्या सीटवर बसले. का बसले ते सांगता येणार नाही, गाडीत माझा उपयोग शून्य. मांजराला उठवावं लागलं. फरदीननं गाडी तळ्याकडच्या निवांत रस्त्यावर नेली आणि तिथे वासंतीबाई चालवायला बसल्या. अब्बा शिकवताना सतत बोलत असत, हवापाण्यापासून मुलांच्या लग्नापर्यंत, म्हणजे शिकणाऱ्याला आपण गाडी चालवतोय याचा विसर पडावा. फरदीन एक अक्षर बोलला नाही. हातानं दाखवायचा: हळू, अजून हळू, आता सोडा. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली आणि तळ्याच्या कडेनं बैलगाडीच्या वेगानं चालू लागली. वासंतीबाई पानावरची साधी अक्षरंही वाचून आल्या होत्या असं दिसलं, कारण एक म्हैस रस्त्याकडे तोंड करून उभी दिसताच त्या स्वतःशीच म्हणाल्या, "समोरचा थांबेल असं धरून चालू नका."

म्हैस थांबली नाही. गाडी थांबली. धक्का नाही, करकर नाही. गाडी जणू स्वतःच्या विचारानं मंदावली आणि उभी राहिली. वासंतीबाई खूश झाल्या, बघा, मला जमलं, म्हणाल्या. फरदीननं मान हलवली. मी मागून त्याचा उजवा पाय हळूच वर येताना पाहिला.

अब्बांचा ब्रेक असाच लागायचा. लहानपणी मी मागच्या सीटवर पुस्तक घेऊन बसायचे, आणि गाडी थांबल्याचं मला खिडकीतून बाहेर बघितल्यावर कळायचं.

म्हैस पलीकडे गेली तरी फरदीननं हातानं निघायची खूण केली नाही. तो वरच्या आरशातून माझ्याकडे बघत होता.

"आपा, गाडी बाजूला घेऊ का?"

"मी बाजूलाच आहे," वासंतीबाई म्हणाल्या. "अजून किती बाजूला घ्यायची? पलीकडे तळं आहे."

मी म्हटलं, काही नको, चालू द्या. ओढणीनं डोळे पुसले. परतताना फाट्याशी वासंतीबाईंनी फरदीनला जागा दिली आणि घर येईपर्यंत त्याच्याही वाटचं एकट्याच बोलत राहिल्या. त्यांचं मत असं पडलं, की शिकवणारा न बोलणारा असणं ही फार मोठी सोय आहे, घरी यांचं बोलणं संपत नाही, गाडीतसुद्धा ऐकायचं तर मग लोणावळ्याला जाऊन काय मिळवलं. हे तुमच्या पानावर लिहा, त्या म्हणाल्या. असंच, ठळक.

दुसऱ्या दिवशी मी निलेशला बोलावून घेतलं. मी एका बाजूला आणि तो एका बाजूला अशी मंडईत व्हावी तशी घासाघीस झाली. 'घाबरू नका' मला सहा ठिकाणी ठळक हवं होतं, तो एकावर अडला, दोनावर ठरलं. 'समोरचा थांबेल' त्यानं न मागता दिलं. 'तळेगाव कार ड्रायव्हिंग क्लास' मी त्याला मथळ्यात दिलं, खाली देणार नाही म्हटलं. सासूबाईंची चावी साध्या अक्षरांत गेली. नवऱ्याला घरी बसवण्याचं वाक्य ठेवायला मात्र तो स्वतःच उतावीळ होता, कारण लोक ते शोधतात. रडण्याच्या वेळेचं वाक्य कुणी शोधत नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ते ठळक राहील. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही.

मग वरचं वाक्य आलं. मी टाइप केलं: 'वाहिद सरांचा मुलगा फरदीन शेजारी बसतो. फार बोलत नाही.' आणि अख्खी ओळ ठळक केली. इतकी वर्षं दुसऱ्यांची ठळक अक्षरं साधी करत आले, त्यामुळे ते बटण नेमकं कुठे आहे हे मला निलेशला विचारावं लागलं.

"यात वाहिद सर पण राहिले," निलेश ओळ वाचून म्हणाला. "म्हणजे शोधणाऱ्याला सापडतंय. चांगलं जमलं, ताई."

फरदीननं खांद्यावरून वाकून वाचलं. त्याचे कान लाल झाले. निदान फार बोलत नाही हे तरी साधं कर, तो म्हणाला.

"गिऱ्हाइकाची मागणी आहे," मी म्हटलं.

निलेशनं पान चढवलं आणि एक सूचना दिली. आपण बदललं तरी गुगलला लगेच कळत नाही. ते आपल्या सवडीनं येऊन बघतं. तोवर शोधणाऱ्यांना जुनीच ओळ दिसेल, सर स्वतः शेजारी बसतात अशी. आठवडा, कधी दोन. घाई करायची असेल तर त्याला एक विनंती पाठवता येते, पाठवू का?

त्यानं हे मला विचारलं होतं, पण उत्तर अम्मीनं दिलं. ती मघापासून दारात उभी होती.

"नको," ती म्हणाली. "कळेल तेव्हा कळू दे त्याला."

बाहेर हॉर्न वाजला. मग परत वाजला, लांब. वासंतीबाई वेळेच्या आधी आल्या होत्या, मांजराला हाकलून स्वतःच चालकाच्या जागी बसल्या होत्या आणि उघड्या खिडकीतून आमच्या दाराकडे बघत होत्या. फरदीननं चप्पल पायात सरकवली.

"यांना हॉर्न शेवटी शिकवायला पाहिजे होता," तो म्हणाला, आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसला.